मडगार्डमधली कणीक

कणीक तशीच होती. मडगार्डच्या आतल्या पत्र्याला सकाळी तिनेच थापलेली, तळव्याएवढी, दोन बोटं जाड – मागच्या बाजूला धूळ आणि जुन्या चिखलाचे कण चिकटलेले, पण पुढची बाजू गुळगुळीत, ओलसर, तिच्या तळव्याच्या रेषा उमटल्या होत्या तेवढ्याच... त्याहून एक ओरखडाही जास्त नाही. ती चाकापाशी उकिडवी बसून बघत राहिली. गुडघे दुखायला लागले होते. वर गाडीत तो बसला होता, काच खाली होती म्हणून त्याचा श्वास ऐकू येत होता, आणि मग त्याने विचारलं,

"लागतंय का?"

"नाही," ती म्हणाली.

"बघ! मी म्हटलं नव्हतं? तो बुटक्या उगाच घाबरवत होता. म्हणे मडगार्ड कापावं लागेल. कापतोय कशाला!"

बुटक्या म्हणजे टायरवाला. नवऱ्याचा जुना मित्र, तिला वहिनी म्हणणारा, चांगला सहा फूट उंच. हे नाव कधी आणि का पडलं ते आता दोघांनाही आठवत नाही. त्याने काल संध्याकाळी टेम्पोतून ही दोन चाकं पाठवली होती – आधी पुढची दोन लावून बघा, बसली तर मागची पाठवतो, नाही बसली तर परत, आपल्यात काय – आणि ती दोन चाकं शेडच्या दारात उभी होती. केवढाली ती! तिच्या कमरेला लागत होती. काळीभोर, रबराच्या वासाची, बोटभर खोल नक्षीची. दगडातून, चिखलातून, नदीच्या पात्रातून गाडी वर काढणारी. जुन्या चाकांवर गाडीचं पोट दगडाला टेकायचं आणि ती तिथेच लटकायची – नवऱ्याचं आयुष्यभराचं दुखणं. म्हणजे, हे खरं दुखणं यायच्या आधीचं.

मोठी चाकं घालायची म्हणजे नुसती मोठी आणली आणि घातली असं नसतं, हे तिला या दोन महिन्यांत पाठ झालं होतं. नटांची भोकं जुळली पाहिजेत. मधलं मोठं भोक हबवर, म्हणजे चाक ज्याच्यावर बसतं त्या गोल तोंडावर, घट्ट बसलं पाहिजे. रिम किती आत जाते आणि किती बाहेर राहते ते बघायचं – फार आत गेली तर टायर आतल्या स्प्रिंगच्या पाट्याला घासतो, फार बाहेर आली तर मडगार्डला. आणि एवढं सगळं जुळूनही सरळ उभ्या गाडीत काहीच कळत नाही. माणूस तिथेच फसतो. चाक सरळ असताना चारी बाजूंनी ऐसपैस जागा दिसते, खूश होऊन तो डोंगरात जातो, पहिल्याच अडचणीच्या वळणावर स्टिअरिंग शेवटपर्यंत फिरवतो... आणि टायर मडगार्डमध्ये अडकून बसतो. म्हणून कणीक. आत थापायची, पुढच्या बंपरवर वजन ठेवून गाडी दाबायची, चाकांखाली पत्र्याचे दोन-दोन तुकडे सरकवायचे, त्यांच्यामध्ये ग्रीस, म्हणजे उभ्या गाडीतही चाक लोण्यासारखं फिरतं – आणि मग स्टिअरिंग या टोकापासून त्या टोकापर्यंत. जिथे टायर लागणार तिथे कणीक दबते. नवऱ्याची ही स्वतःची पद्धत. लग्नानंतर पहिल्यांदा त्याने कणीक मागितली तेव्हा तिला वाटलं होतं, भूक लागली असेल.

आज सगळं तिनेच केलं होतं. वाळूची पोती तिने उचलून बंपरवर टाकली. पान्याला पाइप लावून नट तिने सोडवले, तिनेच आवळले, आणि तो खुर्चीत बसून सांगत होता – "समोरासमोरचे घे, शेजारचे नको घेऊस, अगं किती वेळा सांगायचं" – आणि ती म्हणाली होती, "तोंडाने आवळता येतात का बघा." म्हणाली आणि जीभ चावली. पण तो हसला होता. मनापासून हसला होता, तिला बरं वाटलं होतं. सकाळी किती बरं चाललं होतं.

टक.

टक झालं नव्हतं.

हे तिला आत्ता, कणकेकडे बघता बघता, एकदम जाणवलं. चाकाच्या मागे, आत, एक जाड बोल्ट असतो. चाक पूर्ण वळलं की तो जाऊन धडकतो आणि टक असा आवाज येतो. तो आवाज आला की संपलं, त्यापुढे चाक जात नाही. त्यानेच शिकवलं होतं – टक ऐकल्याशिवाय कणकेकडे बघायचंसुद्धा नाही. इतकी वर्षं ती त्या आवाजाची वाट बघत इथे उकिडवी बसली होती, आणि आज तो न येताच ती बघून मोकळी झाली, न येताच त्याने विचारलं, लागतंय का.

"परत एकदा फिरवा हो," ती म्हणाली. आवाज जमेल तेवढा सहज ठेवला. "मला नीट दिसलं नाही."

"डोळे तपासून घे."

चाक हललं. ग्रीसवर पत्रा सरकल्याचा ओला आवाज आला. ती कणकेकडे बघत नव्हती आता, चाकाकडे बघत होती. ते वळत गेलं, वळत गेलं, मग हळू झालं, मग मधेच थांबून... थरथरायला लागलं. एवढं मोठं चाक थरथरत होतं. टायर आणि कणीक यांच्यात चार बोटं जागा होती. ती मनातल्या मनात ढकलत होती – चल, चल ना, एवढंसंच राहिलंय, चल – आणि चाक तिच्या डोळ्यांसमोर सावकाश मागे आलं.

"आता?" तो म्हणाला.

ती उठून उभी राहिली. खिडकीतून तिला त्याचे हात दिसले. बोटांनी धरलेलंच नव्हतं त्याने. दोन्ही मनगटं स्टिअरिंगच्या दांड्यांमध्ये अडकवली होती आणि खांद्यांनी, पाठीने, सगळ्या अंगाने ओढत होता तो. वरच्या ओठावर घाम. तो समोर बघत होता, काचेतून, शेडच्या भिंतीकडे, जणू तिथे रस्ता होता.

"नाही लागत," ती म्हणाली.

"मग झालं तर."

झालं तर. काय झालं? ती आत आली, नळाखाली हात धरले, ग्रीस निघेना. साबणाने घासत राहिली. मला कळायला पाहिजे होतं. सकाळीच कळायला पाहिजे होतं, दोन महिन्यांपूर्वीच. पण मी काय धरून चालले होते? मी धरून चालले होते की हा एक खेळ आहे. आजारी माणसाला काहीतरी विरंगुळा हवा असतो, तर हा चाकं निवडतोय, निवडू दे; फोनवर बुटक्याशी तास तास भोकं आणि इंच बोलतोय, बोलू दे; निदान त्या वेळात तो छताकडे बघत पडत नाही. चाकं कधीच येणार नाहीत अशीच काहीतरी माझी समजूत होती. आणि आली. आणि माझ्याच हातांनी लावली.

हात धुतलेल्या पाण्यात कणकेचे कण होते.

कणीक तर रोजचीच झालीये या घरात. व्यायाम शिकवायला येणाऱ्या बाईंनी सांगितलं होतं, बाजारातला रबरी चेंडू नको, कणकेचा गोळा द्या, तो दाबू दे त्यांना सकाळ-संध्याकाळ. पहिल्या दिवशी त्याने तो गोळा असा आवळला होता की बोटांच्या फटींतून कणीक बाहेर आली, आणि तो बाईंना म्हणाला होता, "तुमचा हात द्या, मग दाखवतो." बाई हसल्या होत्या. मग ती रोज गोळा उचलून ठेवताना बघायला लागली. बोटांच्या चार खाचा. महिन्या-महिन्याने उथळ होत गेल्या. आधी नख बुडेल इतक्या, मग नुसत्या खळ्या, आणि आता कधी कधी गोळा जसा दिला तसाच परत यायचा, नुसता कोमट झालेला. ती काही बोलायची नाही. मोडून परत मळून ठेवायची, म्हणजे त्याला दुसऱ्या दिवशी कालचा गोळा दिसायला नको. डॉक्टरांनी सांगितलेलंच होतं – आधी हात, मग पाय, मग बाकीचं. बाकीचं म्हणजे काय ते तिने विचारलं होतं, डॉक्टरांना बाहेर गाठून, एकटीने. पण त्याने आत असतानाच विचारून घेतलं असावं, कारण घरी येताना तो गाडीत भलत्याच गप्पा मारत होता.

आणि ती खिंड.

खाणीच्या वर, उघड्या डोंगरात, एक खिंड आहे. त्याच्या सगळ्या मित्रांच्या गाड्या तिथून पलीकडे उतरून आल्या. याची एकदाही गेली नाही, लहान चाकं, पोट टेकतं. सगळी चढण दगडांची, आणि वर पोचल्यावर एक वळण – उजवीकडे पूर्ण, अगदी टक होईपर्यंत वळवावं लागतं, कारण डावीकडे काहीच नाही. तिथे चालत जाऊन तिने एकदा खाली बघितलं होतं आणि मागे होऊन त्याच्या शर्टाला धरलं होतं. प्रत्येक वेळी ती बरोबर असायची. डबा, पाणी, दोरखंड, आणि ती. लोक हसायचे, अरे बायकोला कशाला, आणि तो म्हणायचा, वजन लागतं त्या बाजूला. लोक गाडीला तिची सवत म्हणायचे. सवत असती तर निदान भांडता तरी आलं असतं; ही मेली गप्पच.

मागच्या आठवड्यात, जेवताना, तिच्याकडे न बघता तो म्हणाला होता, "चाकं आली की एक चक्कर मारून येईन खिंडीत. या वेळी तू नको येऊस."

तिने घास भरवता भरवता विचारलं होतं, का?

"उगाच. दगदग होते तुला."

मला दगदग! या माणसाला रात्री कुशीवर वळवायची ती दगदग नाही, आंघोळ घालायची ती नाही, आणि गाडीत शेजारी नुसतं बसायची तेवढी दगदग! तेव्हाच तिला कळलं होतं. कळलं होतं आणि तिने ते बाजूला सारून ठेवलं होतं, पण ते गेलं नाही, इथेच होतं, आणि आता नळाखाली हात धरून ती ते सरळ बोलली, स्वतःशी, जवळजवळ मोठ्याने: तो परत यायच्या हिशेबाने निघणार नाहीये. त्याला ते वळण घ्यायचंच नाहीये. मग चाक पूर्ण वळलं काय आणि न वळलं काय, त्याला काय फरक पडतो?

की त्याला खरंच माहीत नाही? की त्याला वाटतंय, पूर्ण फिरवलं म्हणून? कोणतं जास्त वाईट ते तिला ठरवता येईना. आणि सगळ्यात वाईट हे, की एक क्षणभर – एकच क्षण, खरंच – तिला वाटलं, जाऊ दे त्याला. त्याच्या मनासारखं होऊ दे. इथे खाटेवर, नळ्या लावून, बोलता येत नाही, गिळता येत नाही... त्यापेक्षा. मग तिने नळ बंद केला आणि ओट्याला धरून उभी राहिली.

फोन वाजला. टायरवाला.

"काय वहिनी, बसली का चाकं?"

"बघतोय अजून."

"घासत असतील तर सांगा मोकळेपणी. एक साइज खाली देतो. आणि हे बघा... म्हणजे..." तो अडखळला. एवढा मोठा माणूस, त्याला नेमका शब्द सापडेना. "चालवणार कोण आहे?"

"ते कुठे ऐकतायत?"

"मी नाही कसं म्हणू हो? तुम्हीच सांगा. त्याने आजवर माझ्याकडे काही मागितलं नाही. पहिल्यांदा मागतोय. टेम्पो आज तिकडेच येणार आहे, ही दोन परत न्यायची का मागची दोन उतरवायची, तेवढं तासाभरात कळवा."

म्हणजे हाही ओझं माझ्याच डोक्यावर ठेवून मोकळा. मुलीला फोन करावा? ती तिकडून रडेल, येते म्हणेल, मग मीच तिची समजूत घालत बसेन. त्याला तोंडावर सांगावं – अहो, तुमच्याने पूर्ण फिरत नाहीये? सांगता येईल? ज्या माणसाने मला क्लच म्हणजे काय इथपासून शिकवलं, त्याला शेडमध्ये उभं राहून सांगायचं की टक झालं नाही? नाही. त्यापेक्षा चाकंच चुकीची ठरू देत. घासतात म्हणावं. चाकाला काय, वाईट वाटत नाही.

ती शेडमध्ये परत गेली. तो गाडीतून उतरला नव्हताच. उतरणार तरी कसा, तिच्याशिवाय. डोळे मिटून मागे टेकला होता. ती आवाज न करता पलीकडे, उजव्या चाकापाशी गेली आणि उकिडवी बसली. उजवीकडची कणीकही तशीच होती, कोरी. तिने ती पत्र्यावरून सोडवली, डाव्या हातात घेतली आणि उजव्या हाताचा अंगठा त्यात रोवला. सगळा जोर लावून. रोवला आणि ओढला, टायर घासत गेल्यावर होईल तसा. कणीक बाजूला सरली, कडेला दुमडली. छान झालं. अगदी हुबेहूब झालं.

"अहो," ती खिडकीशी येऊन म्हणाली. "या बाजूला लागतंय. बघायचंच राहिलं होतं."

त्याने डोळे उघडले. तिने कणीक त्याच्या तळव्यांवर ठेवली. त्याने दोन्ही हातांनी ती मांडीवर आणली आणि बघत राहिला. बराच वेळ.

"नक्षी नाही उमटली टायरची," तो म्हणाला.

"कडेने घासलंय. कडेला कुठे असते नक्षी?"

तो हसला. "शिकलीस की गं."

ती पण हसली असावी. आणि मग त्याने आपला अंगठा उचलला – उचलला म्हणजे दुसऱ्या हाताने ढकलून आणला – आणि त्या खाचेत ठेवला. तो आत आरामात बसला. तिथून काढून त्याने तो शेजारी, कोऱ्या कणकेवर टेकवला आणि दाबला. त्याच्या मानेची शीर वर आली, इतका दाबला. मग बाजूला घेतला. दोघांनी बघितलं. कणकेवर एक पुसट, चकचकीत ठिपका होता, बस्स.

"या घरात एवढं खोल आता एकाच माणसाचं उमटतं," तो म्हणाला. रागाने नाही. सकाळी नट आवळताना बोलत होता तशाच आवाजात.

तिला सुचलं ते भलतंच. "मला का नको म्हणालात बरोबर?" ती म्हणाली. "सांगा ना. का नको म्हणालात?"

शेडच्या पत्र्यावर कुठलंतरी पाखरू चालत होतं, त्याच्या नखांचा आवाज येत होता. मग तो म्हणाला, "उतरव मला. तू बस इथे. तू फिरव, मी बघतो."

तिने त्याला उतरवलं. काखेत हात घालून, एक पाय, दुसरा पाय, त्याचं डोकं तिच्या खांद्यावर, घामाचा आणि ग्रीसचा वास. स्टुलावर बसवलं, चाकाशी. दोन्हीकडची कणीक परत मळून तिने थापली, गुळगुळीत केली, आणि वर जाऊन त्याच्या सीटवर बसली. सीट त्याच्या मापाची होती, पाय पुरेनात, ती कडेला सरकून बसली. स्टिअरिंग अजून ओलं होतं.

"चल," खालून तो म्हणाला.

तिने फिरवलं. आणि ते फिरलं – देवा, किती हलकं होतं, ग्रीसवर चाक नुसतं तरंगत होतं, एका हाताने फिरलं असतं, लहान पोरीने फिरवलं असतं – आणि फिरत फिरत गेलं आणि टक. इतका स्वच्छ आवाज की ती दचकली. याच्यासाठी त्याने मनगटं अडकवली होती. एवढ्याशासाठी त्याचा श्वास लागला होता. तिला आपल्या हातांची लाज वाटली. धडधाकट, जाड, पोती उचलणारे हात. ते कुठेतरी लपवावेत असं वाटलं, पण ते स्टिअरिंगवर होते.

"लागतंय का?" तिने विचारलं.

इथून त्याच्या डोक्याचा फक्त मधला भाग दिसत होता, विरळ झालेले केस, ती धुते ते. तो वाकून आत बघत होता. त्याने आता लागतंय म्हणावं, असं तिला वाटलं. खोटं का होईना, म्हणावं. दोघांनाही सुटता येईल.

"नाही," तो म्हणाला. "कुठेच लागत नाही. बोटभर जागा उरते." आणि थोडं थांबून, "चांगली निवडली होती मी."

"हो," ती म्हणाली.

"दुसऱ्या बाजूला ने आता."

तिने दुसऱ्या टोकाला नेलं. टक.

बंपरवरच्या पोत्यावर ठेवलेला तिचा फोन वाजायला लागला. टायरवालाच असणार, टेम्पो निघाला असणार. तिने दाराकडे हात नेला.

"राहू दे," तो म्हणाला. "परत फिरव."

"बघून झालं ना तुमचं?"

"फिरव गं."

तिने फिरवलं. टक. तो आता कणकेकडे बघतच नव्हता. त्याने चाकाच्या कडेवर हात टेकवला होता, उघडा, सैल, आणि चाक वळेल तसा तो हात त्याच्याबरोबर वळत होता, इकडून तिकडे, पूर्ण, शेवटपर्यंत. ती परत उलट फिरवायला लागली. फोन थांबला आणि पुन्हा वाजायला लागला. नवरा उद्या काय म्हणेल, मागची चाकं उतरवून घ्यायची की नाही, खिंड, ते वळण, त्या वळणावर या सीटवर कोण असेल... सगळं तिच्या डोक्यात होतं, पण लांब गेलं होतं, आणि जवळ एवढंच होतं की त्याने आता बस म्हणू नये. म्हणू नये त्याने. तिचे खांदे भरून आले तरी ती फिरवत राहिली, आणि प्रत्येक टोकाला, आवाज आला की, खालून तो हळूच म्हणत होता, "हं."